सुझाना मूडी यांचं कॅनडाच्या रानातलं आयुष्य खरंच इतकं हलाखीचं होतं का? त्यांचं वाचावं का?

होतं. नवरा अर्ध्या पगारावरचा, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत नसलेला लष्करी अधिकारी, दोघांनाही कॅनडाच्या रानातल्या शेतीचा गंध नाही, आणि 1832 मध्ये इंग्लंड सोडून आले. 'रफिंग इट इन द बुश' (1852) हे मूडीचं त्या दिवसांवरचं पुस्तक जरूर वाचा. पण लोक तिच्यापाशीच थांबतात, याचा मला राग आहे. तिची सख्खी थोरली बहीण कॅथरीन पार ट्रेल त्याच वर्षी आली, शेजारीच राहिली, आणि तिला मात्र 'त्या रेसिपीवाल्या बाई' म्हणून बाजूला सारतात.

मी ओंटॅरिओत राहते. नव्याने येणाऱ्या मुलींसाठी लिहिते: थंडीत इडलीचं पीठ कसं आंबवायचं, इथली कुठली कणीक पोळीला चालते. एका गणपतीत सासरकडचे काका, ज्यांना साहित्यातलं सगळं कळतं, भर पंगतीत म्हणाले, "सूनबाई, हे लेखन नव्हे, वाण्याची यादी." सगळे हसले. नवरासुद्धा. मी तूप वाढत होते. काकांचं पान सोडून पुढे गेले.

जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर ट्रेलबाईंचं 1854 चं 'द फीमेल एमिग्रंट्स गाइड' उघडलं. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचं खमीर, मेपलच्या रसाची साखर, साबण, मेणबत्त्या. रानात पाव फुगला नाही तर दुकानातून कोण आणून देणार होतं? काका म्हणाले, "माहितीपुस्तिका आहे." अहो, मूडीनेही डँडेलियन या रानफुलाची मुळं धुऊन, बारीक चिरून, कुरकुरीत भाजून कॉफी कशी करायची ते लिहिलंय! ते साहित्य, कारण आजूबाजूला रडगाणं आहे?

ट्रेलबाईंकडेही रडायला कमी नव्हतं. मॉन्ट्रियलला उतरताच कॉलरा, पुढे नऊ बाळंतपणं, 1857 मध्ये राइस लेकजवळचं घर जळालं, 1859 मध्ये नवरा गेला. रानफुलांचा नाद बाईंना आधीपासूनच होता, तो त्यानंतरही सुटला नाही. 1868 च्या 'कॅनेडियन वाइल्ड फ्लॉवर्स'मधली चित्रं तर मूडीच्याच लेकीची, अ‍ॅग्नेसची. 'स्टडीज ऑफ प्लांट लाइफ इन कॅनडा' आलं 1885 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी.

मूडीची लेखणी जास्त तिखट, विनोदही तिचाच, हे मान्य. आणि दोघी ज्याला रान म्हणतात ते ओसाड नव्हतं. तिथे मिसिसॉगा हे मूळनिवासी लोक आधीपासून राहत होते, आणि दोघींचीही त्यांच्याकडे पाहण्याची नजर इंग्रज मडमेचीच आहे.

तेव्हा आधी ट्रेलबाईंचं 'द बॅकवूड्स ऑफ कॅनडा' (1836), मग मूडी. आणि घरातली कुणी बाई असलं काही लिहीत असेल, तर पंगतीत तिच्यावर हसू नका.