कोवळा पाइन आणि कात्रीची घाई

प्रश्न : मी तोक्योत राहतो. ओमियाच्या बोन्साय गावातून काळ्या पाइनचं ३ वर्षांचं रोप आणलंय. जून लागला, आता कोंब छाटू का? कुंडीच्या तळाशी मुळांवर पांढरी बुरशीही दिसतेय.

उत्तर : कात्री आधी खाली ठेवा! जून-जुलैत कोंब काढतात ते भरल्या बुंध्याच्या, धडधाकट झाडाचे. तुमचं रोप पेन्सिलीएवढं. त्याला वाढू द्या, तरच खोड जाड होईल. वळण मात्र याच वयात, पण हिवाळ्यात द्या. खोडाच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार ४५ अंशांत गुंडाळायची, आणि लक्ष ठेवायचं. माझी एक सालीत रुतली, तिचा वळ ६ वर्षांनीही दिसतो. बुरशी धुऊ नका हो, ती पाइनची सोबतीण, मुळांना पाणी आणि अन्न मिळवायला मदत करते. मार्चमध्ये कुंडी बदलताना थोडी जुनी माती राहू द्या, म्हणजे तीही टिकेल.