लाभ, दोन, तीन…

प्रिय,

फासे टाकून, पात्रं वठवत खेळायच्या भूमिका-खेळासाठी (रोल-प्लेइंग गेम) तू लिहिलेल्या खलनायकाची चार पानं काल रात्री दोनदा वाचली. लाल डोळे, सहा हात, 180 हिट पॉइंट (किती मार झेलेल त्याचा आकडा) आणि शेवटच्या दालनात सिंहासन. मेहनत दिसते. पण मला त्याची भीती वाटली नाही, कारण त्याला काय हवंय ते चार पानांत कुठेच सापडलं नाही. त्याला पात्रांना मारायचंय, एवढंच. मारायला विंचूही पुरतो.

1983 साली आलेल्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळाच्या साहसातला रक्तपिपासू सरदार चाळीस वर्षांनंतरही लोकांना आठवतो. तो शेवटच्या खोलीत वाट बघत बसत नाही. त्याचा हेतू काय आणि तो वाड्यात कुठे गाठ पडेल, हे सुरुवातीला पत्ते काढून ठरतं. त्यामुळे गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, प्रत्येक प्रसंगी विचारावं लागतं: आत्ता, या क्षणी, तो काय करत असेल? तू हा प्रश्न तुझ्या राक्षसाला विचारून बघ. उत्तर येणार नाही.

तुझं गाव अलिबागेकडचं. मग समंध घे ना! मालमत्तेत जीव अडकून मेलेला, आपल्या धनाला दुसऱ्याचा हात लागू न देणारा, अशी या भुताची जुनी ओळख. बोलीत ‘संबंध’लाही समंधच म्हणतात, आणि मला तर सगळी भीती त्या शब्दातच दिसते. त्याचा तुझ्याशी संबंध आहे. तो तुटलेला नाही.

त्याला खोत कर. कुळांकडून धान्य वसूल करणारा, वेठीला माणसं राबवणारा. 1933 साली अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक आणलं, आणि खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. तुझा खोत, चरीच्या आसपासच्या एखाद्या काल्पनिक गावातला, संपाच्या पाचव्या वर्षी मेला असं धर. त्याच्या वहीत शेवटची पाच पानं कोरी आहेत. त्याच्या लेखी खोती अजून आहे, कायदा त्याला कुणी वाचून दाखवलेला नाही, आणि तो त्या कोऱ्या पानांची वसुली करतोय. बघ, आता त्याला प्रत्येक रात्री काहीतरी काम आहे.

पहिल्या सेशनला त्याला दाखवू नकोस. पात्रांना फक्त जेवू घाल. ती खोताचं जुनं घर विकायला आली आहेत, राखणदाराच्या बायकोने त्याच शेतातला गरम भात वाढलाय, सगळे पोटभर जेवतात. नियम हाच: ज्याने ते धान्य खाल्लं तो त्याचा कूळ झाला. हे तू सांगायचं नाहीस. सकाळी एकाच्या अंगठ्याला निळी शाई दिसेल, घासून न जाणारी. बस्स.

दुसऱ्या रात्री पडवीत धान्य मापल्याचा आवाज येऊ दे. मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अंधारात, घाई न करता: लाभ… दोन… तीन… चार. घरात चार माणसं आहेत. तिसऱ्या रात्री मोजणी तीनवर थांबते, आणि चौघेही समोर बसलेले असतात. तिथे फासे टाकायला सांगू नकोस, गप्प राहा. खेळाडू आपोआप एकमेकांकडे बघतील. मी हे एकदा केलंय, आणि त्या शांततेत कुणीतरी उठून दिवा लावला होता.

त्याला हरवायचं कसं, हे आधीच ठरव. तलवारीने नाही, आणि मांत्रिकानेही नाही. एक पात्र त्याच खोताचं पणतवंड असू दे. त्याने ती वही मोठ्याने वाचायची, कुळांची नावं घेत, काय काय घेतलं ते कबूल करत, आणि मग घर सोडून द्यायचं. जे घर विकून तो कर्ज फेडणार होता, तेच. समंधाला भिडण्याची किंमत खेळाडूला खरोखर लागली पाहिजे, हिट पॉइंटात नव्हे.

आता एक गोष्ट जरा कळकळीने. तुझ्या यादीत पर्याय म्हणून ‘हडळ’ आहे. कोकणातल्या शाळामास्तरांकडून जमवलेल्या लोकसमजुतींच्या नोंदी 1915 मध्ये छापल्या गेल्या. त्यातली भुतांची यादी वाचशील तर लक्षात येईल, की भुतांची नावं बऱ्याचदा जातीवरून आणि बाईच्या सौभाग्यावरून पडलेली आहेत. बाळंतपणात गेलेली ती अलवंतीण, सवाष्ण गेलेली ती जखीण, विधवा ती लावसट. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही, तिलाच मेल्यावर भ्यायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अलवंतीण खलनायिका केली होती. खेळता खेळता एक मुलगी गप्प झाली, मग उठून गेली. तिची मावशी बाळंतपणात गेली होती. मी आधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेलं एक कार्ड ठेवतो. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारत नाही.

आणि गावातल्या कुणा बाईला चेटकीण ठरवणारं कथानक नको. अशा संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, त्याविरुद्ध राज्याला 2013 साली कायदा करावा लागला. वेतोबा या ग्रामदेवालाही यात ओढू नकोस. आरवलीत लोक त्याला मोठाल्या चामडी वहाणा वाहतात, तो त्यांचा राखणदार आहे, तुझा राक्षस नव्हे. खोताला मात्र खुशाल वाईट रंगव. फक्त त्याला आडनाव देऊ नकोस.

त्याचा आवाज कसा असावा, असं तू विचारलं होतंस. चांगला. जुन्या वळणाचा, अदबीचा. तो पात्रांना ‘बाळा’ म्हणेल, जेवलास का विचारेल. त्याला मनापासून वाटतं की तो अन्नदाता आहे.

शनिवारच्या आत मला त्याच्या वहीचं एक पान लिहून पाठव: कुळाचं नाव, शेत, येणं, बाकी. आकडे खंडी-मणांत घाल, वीस मणांची एक खंडी. शेवटच्या ओळीत नावाची जागा मोकळी ठेव. ती कुणासाठी, ते मला सांगू नकोस. मीही खेळायला येतोय.

तुझा,
जुना गेम मास्टर