चाळीस पाळतेस, तर पन्नासही पाळ

प्रिय पोरी,

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजायला केलेली, रोज एक कडी तोडायची धाकट्याची कागदी साखळी झावळ्यांच्या रविवारीच संपली, ईस्टर अजून आठवडाभर लांब, आणि पोर रडायला लागलं. आता तू विचारतेस, हा खटाटोप सोडून देऊ का? अगं, तुम्ही रविवारच्या कड्याही तोडल्यात, एवढंच चुकलं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा. उरतात ते चाळीस. सणाचा दिवस उपवासात मोजायचा नसतो, हे आधी डोक्यात घे.

गोड सोडायचं की टीव्ही, त्यात मी पडत नाही. कॅथलिक चर्चसुद्धा मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि उपवासाचा १८ पूर्ण झाल्यावर लावतं. मग सात वर्षांच्या पोराकडून तू काय वसूल करणार?

मी केलं वसूल. उपवासकाळाचं जांभळं कापड, दर शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूचा क्रूसापर्यंतचा प्रवास आठवत करायची प्रार्थना), गोडाला बंदी, सगळं काटेकोर. आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी कापडाची घडी घालून कामाला लागले. माझ्या मुलीला उपवासकाळातला दिवस न् दिवस आठवतो. ईस्टरनंतरचं काहीच नाही, कारण आठवावं असं मी काही ठेवलंच नव्हतं. मी एकटी होते, नोकरी सांभाळून सगळं ओढत होते, हेही खरं. आणि शिस्त लावल्याचा मला पश्चात्ताप नाही. क्रूसाची वाट तिला आजही तोंडपाठ आहे, ती कुणामुळे? पण ईस्टरपासूनचे सणाचे पन्नास दिवस मी तिच्यापासून हिरावले, ते हिरावलेच.

म्हणून सांगते, चाळीस पाळतेस तर पन्नासही पाळ. उपवासकाळात चर्चमध्ये ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा शब्द म्हणत नाहीत. तो शब्द पोरांकडून कागदावर रंगवून घे, डब्यात बंद कर. ईस्टरच्या रात्री डबा त्यांनाच उघडू दे. मग पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नासाव्या दिवशीच्या पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, तो कागद भिंतीवर, आणि रोज जेवणाआधी मेणबत्ती. दहाव्या दिवशी कंटाळा येईल. लाव. पाहुणे आलेत? त्यांच्यासमोर लाव. चाळीस दिवस नेटाने मन मारता येतं आणि पन्नास दिवस आनंद करायला वेळ नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

आणि साखळी पुन्हा कर. या वेळी तोडायची नाही, रोज एक कडी जोडायची. कागद आजच कापून ठेव, गुड फ्रायडेला कात्री घेऊन बसू नकोस. एकोणपन्नास कड्या पांढऱ्या आणि पन्नासावी, पेन्टेकॉस्टची, लाल. ती धाकट्याला जोडू दे.

तुझी,
मावशी