जुनी गाडी ऑनलाइन बघितलीय, मालक आधी टोकन मागतोय, द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मालवणात राहता, ऑनलाइन जाहिरातीत चिपळूणची 2018 ची हॅचबॅक आवडलीय आणि मालक म्हणतोय दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आधी 5000 टोकन टाका मग दाखवतो. नका टाकू. गाडीखाली स्वतः वाकून बघेपर्यंत एक रुपया पण नका देऊ. आणि कोणी क्यूआर कोड पाठवून स्कॅन करा, पैसे तुम्हालाच येतील असं म्हणाला तर तिथेच फोन ठेवा, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. गेलेच पैसे तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

मी 2021 च्या दिवाळीनंतर अशीच एक घेतली होती. फोटोत चकाचक, सीटकव्हर नवीन, किंमत बाकीच्यांपेक्षा साठ हजारांनी कमी. दोन महिन्यांत पॉवर विंडो गेल्या, मग डॅशबोर्डवर एअरबॅगची लाइट जाईना, आणि फेब्रुवारीत आईला कोल्हापूरला दवाखान्यात नेत होतो तेव्हा करूळ घाटात गाडी बंद पडली, रात्रीचे साडेआठ, मोबाईलला रेंज नाही, आई मागच्या सीटवर कण्हतेय. शेवटी एका टेम्पोवाल्याने वर गगनबावड्यापर्यंत नेलं. तो दीड तास मला अजून आठवतो म्हणून एवढं लिहितोय.

नंतर कणकवलीच्या मेकॅनिकने काही न बोलता सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. आतल्या टोकाला मातीची रेघ होती. म्हणाला, "ही गाडी पुराच्या पाण्यात बुडान इलेली आसा." 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चिपळूणच्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांचं तर घरदार गेलं, पण बुडालेली गाडी धुऊनपुसून न सांगता विकणं ही फसवणूकच आहे.

तुमची गाडी पण त्या वेळी तिथेच असेल तर हे बघाच. सीटबेल्ट पूर्ण ओढा, मॅट उचलून कार्पेटखाली हात घाला, सीटच्या खालचे रूळ आणि स्टेपनी ठेवतात तो खड्डा टॉर्च लावून बघा, काचा बंद करून आत पाच मिनिटं बसा, कुबट वास लपत नाही. जुन्या पॉलिसीच्या कॉप्या मागा, 2021 च्या पुरानंतरच्या रिन्यूअलला नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एकदम शून्य झाला असेल तर बहुतेक क्लेम घेतलाय. आणि पाण्यात गेली नसली तरी आपल्याकडचा खारा वारा पत्रा खातोच, तेव्हा वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून खालून बघा, दरवाजांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय ती जागा. खाली ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर जास्तच बारकाईने बघा, गंज झाकायला मारतात.

किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा. कागदांचं म्हणाल तर एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा, पीयूसी, लोन कळतं, ई-चलनं पण बघून घ्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचा लोनचा बोजा काढायचा) हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन आरसी लगेच नावावर करा, विमा 14 दिवसांत. गोव्याच्या जीए नंबरची स्वस्त गाडी कोणी दाखवेल, आपल्याकडे तसे बरेच जण येतात, पण ती 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नंबर बदलावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पण भरावा लागतो, तो हिशोब आधी करा.

चिपळूणला दिवसा जा, पाऊस नसताना, आणि तुमचा स्वतःचा मेकॅनिक बरोबर न्या. हजार-दोन हजार घेईल, ते द्या. मालक मेकॅनिक आणू नका म्हणाला तर तसेच परत या.