वाचकांचे प्रश्न : वळणाआधीची दहा पावले

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात महामार्गालगत माझे चहाचे छोटे हॉटेल आहे. मृग लागला की समोरच्या वळणावर गाड्या घसरू लागतात. दुचाक्या तर आठवड्याला एकदोन. विशेष असे की घसरतात त्या चिपळूणकडून येणाऱ्या, म्हणजे ज्यांना हे वळण उजवीकडे घ्यावे लागते त्याच, आणि त्याही वळणाच्या पोटात नव्हे, तर वळण सुरू होण्याच्या दहा पावले अलीकडे. गावकरी म्हणतात, जागाच वाईट; दरवर्षी तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते. कार्यालयात अर्ज केला, तर ‘हे ठिकाण ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही’ असे उत्तर आले. दोष चालकांचा की रस्त्याचा?

उत्तर : गाऱ्हाण्याशी आमचे काही भांडण नाही. मात्र ‘उजवीकडे वळणाऱ्याच’ आणि ‘दहा पावले अलीकडे’ हे दोन तपशील आपण दिलेत, त्यामुळे निम्मे काम झाले. बहुतेक तक्रारअर्जांत ‘धोकादायक वळण’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून काहीच कळत नाही.

सरळ रस्ता मधोमध किंचित उंच असतो आणि पाणी दोन्ही कडांकडे उतरून गटारात जाते. वळणावर मात्र गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याची बाहेरची कड उचलतात आणि सगळा रस्ता आतल्या बाजूला कलता करतात. आपल्याकडे हा कल साधारणपणे जास्तीत जास्त ७ टक्के, डोंगराळ भागात १० टक्क्यांपर्यंत ठेवतात. आता पाहा, आतल्या बाजूची मार्गिका आधीपासूनच आत कललेली असते, तिला फार बदलावे लागत नाही. बाहेरच्या मार्गिकेला मात्र बाहेरचा उतार सोडून आतला उतार घ्यायचा असतो, आणि हा पालट होत असताना वळणाच्या तोंडाशी एक तुकडा असा येतो की जिथे रस्ता आडवा अगदी सपाट असतो. त्याच तुकड्यात रस्त्याला लांबीच्या दिशेनेही उतार नसेल, तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. ते पातळ थराने तिथेच पसरून राहते. डावीकडून गाडी चालवणाऱ्या आपल्या देशात उजवे वळण घेणारा चालक बाहेरच्या मार्गिकेत असतो, म्हणून तो तुकडा नेमका त्याच्याच वाट्याला येतो.

दुसरी गोष्ट चालकाच्या पायाशी आहे. समोर वळण दिसले की ब्रेक दाबला जातो तो वळणाच्या अलीकडेच, म्हणजे त्याच पाण्याच्या थरावर. चाकाला रस्त्यावरच्या पकडीचा शिधा एकदाच मिळतो. तो ब्रेकसाठी खर्च झाला की वळायला उरत नाही. त्यात वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६० झाला, तर त्याच वळणावर बाहेर फेकणारा जोर जवळजवळ दीडपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विमानांच्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६०च्या दशकात केलेल्या संशोधनातून असे दिसले की साचलेले पाणी पुरेसे खोल असेल, तर एका वेगानंतर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते, आणि हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. पंपावर आपण ज्याला ‘बत्तीस हवा’ म्हणतो, तेवढ्या दाबाला तो ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो. आपल्या वळणावर कोणी इतक्या वेगाने येत नसेल. पण पकड ही दिव्यासारखी एकदम विझत नाही, ती त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत जाते, आणि नक्षी झिजलेल्या टायरची तर फारच लवकर.

जूनमध्येच हे जास्त का, याचे उत्तर सोपे आहे. आठ महिन्यांची धूळ, तेलाचे थेंब आणि टायरच्या रबराचा चुरा पहिल्या सरींत पाण्याशी मिसळून बुळबुळीत लेप तयार होतो. पुढे मुसळधार पावसाने तो धुऊन जातो. आपल्या वळणावर ऑगस्टमध्येही गाड्या घसरत असतील, तर मात्र दोष लेपाचा नसून पृष्ठभागाचा किंवा उताराचा समजावा.

पृष्ठभाग तपासण्याची जुनी आणि साधी पद्धत वाळूची आहे. कोरड्या रस्त्यावर ५० मिलिलिटर बारीक वाळू ओतून चपट्या तबकडीने गोल गोल फिरवत, खडीच्या फटी भरतील अशी पसरतात. वर्तुळाचा व्यास २५ सेंटीमीटर झाला, तर फटींची सरासरी खोली १ मिलिमीटर भरते. वाळू ३५ सेंटीमीटरपर्यंत पसरत गेली, तर खोली अर्ध्या मिलिमीटरवर आलेली असते, म्हणजे चाकाखालच्या पाण्याला निसटायला जागा थोडीच उरली. ही चाचणी मोजणी करणाऱ्या पथकाने रहदारी थांबवून करायची आहे, आपण नव्हे. आपण पाऊस चालू असताना हॉटेलच्या पडवीतून एवढेच पाहावे : सर थांबल्यावर सगळा रस्ता निथळला तरी कुठला पट्टा चकाकत राहतो?

उपाय त्यावर ठरतील. उताराचा दोष असेल, तर पालटाचा तुकडा पुढेमागे सरकवावा लागतो किंवा त्याला लांबीचा उतार द्यावा लागतो. नुसता डांबराचा नवा थर चढवून पाणी जात नाही, ते नव्या थरावर साचते. काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचा पुन्हा कोरता येतात. जिथे वळणच बदलता येत नाही, तिथे परदेशांत भाजलेल्या बॉक्साइटची कठीण, टोकदार खडी रेझिनमध्ये चिकटवून थोड्या लांबीचा खरखरीत पट्टा करतात, कारण ती खडी साध्या खडीसारखी झिजून गुळगुळीत होत नाही. बॉक्साइट आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांखालीही सापडते, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

राहिला यादीचा प्रश्न. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले, तर ते ठिकाण ब्लॅक स्पॉट ठरते. आपल्या नळावर गुडघा धुऊन, चहा पिऊन निघून गेलेला दुचाकीस्वार या हिशेबात कुठेच नाही. कार्यालयाचे उत्तर नियमाला धरून असेल, पण शहाणपणाचे नाही. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी फार पूर्वीच असा मार्ग काढला की अपघाताची वाट न पाहता, थोडक्यात टळलेल्या अपघातांची जागेवर बसून पद्धतशीर नोंद करायची आणि धोका त्यावरून मोजायचा. या कामाला आपल्याइतका योग्य माणूस शोधून सापडणार नाही. उधारीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा : तारीख, वेळ, पाऊस कितपत, गाडी कोणती, कुठून आली, नेमकी कुठे घसरली. एका पावसाळ्याची वही जोडून पुन्हा अर्ज करावा आणि त्यात ‘जागा धोकादायक आहे’ असे न लिहिता ‘बाहेरच्या मार्गिकेचा आडवा उतार दर पाच मीटरवर मोजून द्यावा’ अशी मागणी करावी.

प्रश्न : घाटात जांभ्याचे भक्कम कठडे काढून पत्र्याचे लावले. गाडी आदळली की ते वाकतात. ही काटकसर नव्हे काय? (एक वाचिका, लांजा)

उत्तर : वाकणे हेच त्याचे काम आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी कठड्याला २० अंशांच्या तिरक्या कोनात लागली, तर कठड्याकडे जाणारा तिचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. पत्रा थोडा मागे सरकून तेवढा जोर पोटात घेतो आणि गाडीला पुन्हा रस्त्याच्या दिशेला वळवतो. जांभ्याचा कठडा सहसा तुकड्यातुकड्यांचा असतो आणि दोन तुकड्यांमधल्या फटीत गाडी शिरली, तर पुढच्या तुकड्याचे तोंड तिला समोरून बसते. मात्र पत्र्याचेही उघडे टोक तितकेच वाईट, ते भाल्यासारखे गाडीत शिरते. ते वळवून डोंगरात पुरलेले असावे किंवा त्याला जोर शोषणारे टोक बसवलेले असावे. दुचाकीवाल्यासाठी पत्र्याखालचे खांब घातक ठरतात, ही या कठड्याची खरी उणीव आहे. आणि एकदा वाकलेला पत्रा बदललाच नाही, तर आपली तक्रार शंभर टक्के रास्त.

प्रश्न : शाळेसमोर आम्ही गावकऱ्यांनी वर्गणी काढून गतिरोधक घातला, तर त्यावरच दोघे पडले. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : तो बहुधा अरुंद, उंच आणि बिनरंगाचा असणार. मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटीमीटर उंच, पाठीसारखा गोलसर असतो; त्यावर पांढरे पट्टे आणि पुरेसे आधी सूचनाफलक लागतात. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, तर तिथे गतिरोधक चालतच नाही. सध्याचा उंचवटा रस्त्याच्या मालक विभागाला कळवून आधी काढून घ्यावा आणि तोवर दोन्ही बाजूंना चुन्याचे ठळक पट्टे मारावेत. पावसात ते धुऊन जातील, तेव्हा रोज सकाळी मारावे लागतील.