मराठी माध्यमात शिकलोय, मीटिंगमध्ये इंग्लिश बोललो की ऑफिसातले हसतात. अमेरिकन ॲक्सेंटचा कोर्स लावू का?

नका लावू, पैसे वाचवा.

मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी हायस्कूलला इंग्लिश शिकवते, मराठी माध्यम, आठवी ते दहावी. आमच्याकडची पोरं नंतर पुण्याला कंपन्यांत, कॉल सेंटरात जातात आणि तिथं ट्रेनर त्यांना "तुझा एमटीआय फार आहे" म्हणजे मातृभाषेचा असर फार आहे असं सांगतो, मग सुट्टीत आली की हाच प्रश्न, मॅडम ॲक्सेंट कसा घालवायचा. अरे घालवायचा कशाला. स्कॉटलंडच्या माणसाला आहे, डब्लिनच्या माणसाला आहे, तुलाच का नको? समोरच्याला शब्द कळला पाहिजे एवढंच बघायचं, आणि तो न कळण्याची कारणं मोजकीच असतात.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे शब्दात जोर चुकीच्या जागी देणं. मराठीत जोर कुठंही दिला तरी फार बिघडत नाही, पाणी ते पाणीच, म्हणून आपल्या कानाला ही भानगड ऐकूच येत नाही. इंग्लिशमध्ये मात्र डेव्हलपमध्ये जोर 'व्हे'वर आहे, आपण तो 'डे'वर देतो. हॉटेलमध्ये 'टेल'वर, आपण 'हॉ'वर. कम्फर्टेबल म्हणताना आपण 'टे'वर असे काही बसतो की बास, आणि खरा जोर पहिल्याच 'कम्'वर, बाकीचं सगळं गिळायचं. फोटोग्राफमध्ये 'फो' जड, पण फोटोग्राफी म्हटलं की जोर सरकून 'टॉ'वर जातो आणि तो 'फो' पार हलका होतो, फटॉग्रफी. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेतले आर. के. बन्सल यांनी १९६० च्या दशकात भारतीयांचं इंग्लिश परक्यांना कितपत कळतं ते तपासलं होतं, त्यातही न कळण्याच्या मुख्य कारणांत हा चुकलेला जोर होता. उलट इंग्लंडच्या भाषातज्ज्ञ जेनिफर जेंकिन्स बाईंनी २००० साली मांडलं की दोघंही बोलणारे परभाषिक असले तर शब्दातल्या जोरापेक्षा वाक्यात नेमक्या शब्दावर दिलेला जोर आणि स्वरांची लांबी महत्त्वाची, आणि 'थिंक'मधला तो जीभ दातात धरायचा 'थ' नाही आला तरी चालतं. 'थ'चं मला शंभर टक्के पटतं, त्याच्यामागं मी वर्गात एक मिनिट घालवत नाही. जोराच्या बाबतीत मात्र मी बन्सलांच्या बाजूची.

दुसरं कारण आपला 'ए'. देवनागरीत टेस्ट लिहा. परीक्षा की चव? सेल म्हणजे विकणं की विक्री, लेट म्हणजे उशीर की होऊ देणं, पेपर म्हणजे कागद की मिरी? आपण दोन्ही सारखंच लिहितो आणि सारखंच बोलतो. वर्गात मी एकाला फळ्यापाशी उभं करते, तो जोडीतला कुठलाही एक शब्द वाचतो आणि बाकीच्यांनी स्पेलिंग लिहायचं. सुरुवातीला सगळा मटका असतो कारण बोलणारा आणि ऐकणारे दोघांचेही कान मराठीच, हळूहळू फरक ऐकू यायला लागतो आणि मग बोलण्यात आपोआप येतो. आधी कान मग जीभ, हे उलटं करणारे कोर्सच जास्त आहेत.

एक मजा सांगते. भूतकाळाचा ईडी. पोरं वॉकेड, हेल्पेड, वॉशेड म्हणतात. इंग्लिशच्या पुस्तकातला नियम डोक्यात शिरत नाही पण मराठीच्या तासाला संधी शिकताना कठोर आणि मृदू व्यंजनं झालेली असतात, तीच बाहेर काढायची. आधी क, प, स, श, च असं कठोर आलं की ईडीचा 'ट', म्हणून वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. मृदू किंवा स्वर आला की 'ड', बेग्ड, प्लेड. आणि आधीच ट किंवा ड असेल तरच 'इड', वॉन्टिड. झालं! मराठीचा तास इंग्लिशला उपयोगी पडतो हे बघून पोरांना भलताच आनंद होतो. आणि उच्चारात आपलं सगळंच कच्चं असतं असंही नाही, पाण्याचा जग आणि सगळं जग हे दोन 'ज' आपण न शिकता वेगळे बोलतो, त्यामुळं 'झू'मधला आवाज आपल्याकडं जवळपास तयारच असतो. कॅट आणि कॉटचे ॲ ऑ तर मुळाक्षरांतच घेतलेत.

शब्दावर पेन्सिलनं देवनागरीत उच्चार लिहायची पोरांची सवय असते, काही शिक्षक त्यावरून ओरडतात. मी लिहू देते, फक्त जोराच्या अक्षराला गोल करायला लावते.

आता हसण्याचं. आमच्या वर्गात अर्धी पोरं 'आनि' 'पानी' म्हणतात, घरी तसंच बोलतात. त्यावरून मराठीच्या तासाला ज्याला हसलेत ते पोरगं इंग्लिशच्या तासाला तोंडच उघडत नाही, हे इतक्यांदा बघितलंय की मी नियमच करून टाकलाय, कुणी बोलत असताना मधे दुरुस्त करायचं नाही, मी पण नाही. नंतर फळ्यावर शब्द लिहून सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा, नाव कुणाचं घ्यायचं नाही. तुमच्या ऑफिसात मी असं करू शकत नाही, पण तुम्ही एक करा. मीटिंगमध्ये रोज लागणारे दहा-पंधरा शब्द काढा, ऑनलाइन डिक्शनरीत छोट्या स्पीकरवर दाबून ऐका, उच्चारात जिथं वरच्या बाजूला उभी बारीक रेघ दिसते तिच्या पुढच्या भागावर जोर. मग मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून शेजारी लावून बघा. परदेशी जायचं म्हणून आयईएलटीएसची भीती असेल तर स्पीकिंगला उच्चाराचे चार पैकी एक भाग मार्क असतात आणि ते तुमचं बोलणं किती सहज कळतं यावर आहेत, तुम्ही भारतीय वाटता म्हणून कापत नाहीत.

आणि स्पीड कमी करा हो, आपली माणसं घाबरली की फार पळतात.