पहाटे साडेचारपासून शिट्ट्या घालणारा काळा-पांढरा पक्षी: भिंतीतलं भोक बुजवलं तर तो जाईल का?

नका बुजवू. निदान आत्ता, एप्रिलमध्ये, अजिबात नका.

तुम्ही लिहिलंय की नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या घरी हा पक्षी पहाटे साडेचारला सुरू होतो, वडिलांची झोप मोडते, दिवसा तो खिडकीच्या काचेवर चोच आपटत बसतो, आणि मागच्या भिंतीतल्या एका भोकात त्याची ये-जा दिसते म्हणून ते भोक सिमेंटनं बुजवायचा विचार आहे. झोपेचं आणि काचेचं वाचून मी पुढे गेले असते. भोकाचं वाचलं आणि थांबले.

तो दयाळ आहे. डोकं, छाती, पाठ निळसर काळी, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा आणि शेपटी उभी, हे वर्णन दुसऱ्या कोणाला लागू होत नाही. चिरक असता तर शेपटीखाली विटकरी रंग दिसला असता. कोतवालही अंधारातच बोलायला लागतो, पण तो सगळाच काळा आणि त्याची शेपटी दुभंगलेली. आता एक करा. भोकात शिरणारा पक्षी आणि गाणारा पक्षी एकच आहे का ते नीट बघा. माझा अंदाज, शिरणारी मादी असेल. नर जिथे काळा असतो तिथे ती राखाडी असते, लांबून फिकट पडलेल्या नरासारखी दिसते. ती पुन्हा पुन्हा आत जात असेल तर तुमच्या भिंतीत संसार मांडून झालेला आहे.

आमचं माहेरचं घर लक्ष्मीनगरात. बाबांनी बांधलेलं, विटांचं. बांधताना परांचीसाठी भिंतीत भोकं ठेवतात, त्यातली दोन मागच्या बाजूला तशीच राहून गेली होती. एकात चिमण्या असायच्या, पुढे चिमण्याच कमी झाल्या. दुसरं भोक माझ्या खोलीच्या खिडकीशेजारी, कूलरच्या स्टँडच्या जरा वर. त्यात दरवर्षी दयाळ. होळीच्या सुमाराला शेवग्याच्या शेंड्यावरून पहिली लांब शिट्टी आली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आला गं तुझा दयाळ." तो थंडीतही तिथेच असायचा, पण थंडीत तो गात नाही. कुंपणाखालच्या पाचोळ्यात उड्या मारत किडे वेचतो, मांजर दिसलं तर चर्र चर्र करतो, एवढंच. त्यामुळे आईला तो दर फाल्गुनात नव्यानं आल्यासारखा वाटायचा.

२०१३ च्या मे महिन्यात माझ्या पुतण्याचं लग्न निघालं. दादानं घर रंगवायला काढलं. रंगाआधी सगळ्या भिंती दुरुस्त करायच्या, भेगा भरायच्या, भोकं बुजवायची. रीतसरच होतं ते. पण त्या भोकात त्याच आठवड्यात अंडी पडली होती. मी कूलरच्या स्टँडवर पाय देऊन टॉर्चनं बघितली होती. चार होती. निळसर हिरवी, त्यावर तपकिरी ठिपके, मोठ्या बाजूला जरा दाट. घरटं म्हणजे वाळलेलं गवत, बारीक मुळ्या आणि आमच्याच कूलरच्या जाळीतून ओढून नेलेले वाळ्याचे तंतू.

मी दादाला सांगितलं, महिनाभर ती जागा सोड. बारा-तेरा दिवस मादी अंडी उबवते, मग पंधरा दिवसांच्या आत पिल्लं उडून जातात. तेवढा तुकडा रंगवायचा राहिला तर कूलरच्या मागे कोणाला दिसणार आहे? मंडप पुढच्या अंगणात, जेवणं पुढे, मागे तर कोणी फिरकणारही नव्हतं. दादा म्हणाला, "पाखरासाठी अर्धी भिंत तशीच ठेवू काय? जाईल ते दुसरीकडे. त्याला काय भाडं द्यावं लागते?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बरं, बघू." त्या "बघू"वर मी विसंबले, ही माझी चूक.

मी तेव्हा बँकेत नोकरीला होते. दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर भोक नव्हतं. गुळगुळीत गिलावा, अजून ओला. मिस्त्री हात धूत होता. तो खजील होऊन म्हणाला, "ताई, आत अंडे हायेत म्हणून मी भाऊंना सांगितलं होतं. ते म्हणाले, काढून ठेव अलग." त्यानं ती कापसात गुंडाळून तुळशीच्या कुंडीत ठेवली होती. त्या भल्या माणसाला मी आजही दोष देत नाही. मेच्या उन्हात, दिवसभर, उघड्या कुंडीत.

मी भिंतीजवळ गेले. ओल्या सिमेंटवर बरोबर भोकाच्या जागी नखांच्या बारीक रेघा होत्या. तीन-तीनच्या जोड्या, वरून खाली घसरत आलेल्या. एकदा नाही, कितीतरी वेळा. मादी नेहमीसारखी उडत येऊन भोकाच्या काठाला पाय टेकायला जात असणार, आणि तिथे काठच नव्हता. माझ्या देखत ती दोनदा आली. पंख फडफडवत भिंतीसमोर क्षणभर तरंगली, घसरली आणि शेवग्यावर जाऊन बसली. चोचीत काही नव्हतं, आवाजही काही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या रेघांवर प्रायमर बसला. त्याच महिन्यात, २३ तारखेला, नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला.

पण मला बोचलं ते पुढचं. दुसऱ्या दिवशी पहाटे नर पाण्याच्या टाकीवर बसून गायला लागला. आणि काय गायला! अर्धा-पाऊण तास, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नसल्यासारखा. आम्ही अंगणात चहा घेत होतो. दादा म्हणाला, "पाहा, गाऊन राहिला मजेत. तूच उगाच रडून राहिली." सगळे हसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो खरंच गात होता.

आता आहे उत्तर. तुमच्या प्रश्नालाही तेच लागू पडतं म्हणून लिहिते.

दयाळ मजेत आहे म्हणून गात नाही. गाणं हे त्याचं काम आहे. एक, शेजारच्या नरांना ऐकवायचं की शेवग्यापासून टाकीपर्यंतची ही जागा भरलेली आहे. दोन, मादीला ऐकवायचं की इथे कोणीतरी आहे आणि दमात आहे. दिवस मोठा व्हायला लागला की त्याच्या अंगात संप्रेरकांची उलथापालथ होते आणि गाणं सुरू होतं, मार्चपासून साधारण जुलैपर्यंत. पहाटेच का, तर तेव्हा उजेड एवढा कमी असतो की किडे दिसत नाहीत, वारा पडलेला असतो, रस्ते शांत असतात. पोट भरायचं काम करता येत नाही त्या वेळात राखणीचं काम उरकतो. तुमच्या दारात पथदिवा असेल तर त्याची पहाट अजून लवकर होते. मादीची वाटणी वेगळी. घरटं बहुतेक तीच बांधते, अंडी तीच उबवते, नर राखण करतो. पिल्लांना भरवायला दोघंही.

मी वर्षानुवर्षं कॅलेंडरच्या मागे नोंद ठेवली आहे. मादी अंड्यांवर बसली की आमचा नर सकाळचं थोडक्यात आटपायचा. पिल्लं असताना तर त्याला गायला फुरसत नसायची, सतत चोचीत अळी नाहीतर नाकतोडा. आणि घरटं मोडलं की पुन्हा पहिल्या दिवसासारखा मोठ्यानं आणि लांबलचक, कारण पुन्हा पहिल्यापासून सगळं जमवायचं असायचं. टाकीवरचं ते गाणं म्हणजे मोडलेला डाव पुन्हा मांडणं होतं. दादा, तू हे वाचत असशील तर, त्याला फरक पडला होता. फरक पडल्यामुळेच तो गात होता.

तर भोक बुजवलं की पक्षी जाईल का? गाणं तर नक्कीच जाणार नाही, उलट वाढेल. जागेची हद्द त्याची आहे, भोक त्या हद्दीतलं एक घर. घर मोडलं म्हणून तो हद्द सोडत नाही, तुमच्याच आवारात दुसरी पोकळी शोधतो. म्हणजे वडिलांच्या झोपेच्या हिशेबानंही हा तोट्याचाच उपाय आहे.

काचेचं सोपं आहे. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, ते दुसरा नर वाटतो आणि तो त्याच्याशी भांडतो. बाहेरच्या बाजूनं जुनं वर्तमानपत्र चिकटवा. आतून पडदा लावून उपयोग नाही, आरसा बाहेरच राहतो.

कायद्याचंही सांगते, कारण लोकांना वाटतं कायदा फक्त वाघाला असतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणंही येतं. दयाळ पिंजऱ्यात पाळणंही त्याच कायद्यानं बंद आहे. आवाज गोड म्हणून धरून विकणारे आजही भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नका, मग तो भाव कितीही कमी करो. बांगलादेशानं याच पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी केलंय, दोयेल म्हणतात तिकडे, ढाक्यात त्याच्या नावाचा चौक आहे. आणि आपण त्याच्या तोंडावर सिमेंट लावतो.

खरं तर भोकाइतकाच माझा राग अंगणात बसवतात त्या सिमेंटच्या गट्टूंवर आहे. लक्ष्मीनगर काय नि त्रिमूर्तीनगर काय, ज्या घरासमोर बघावं तिथे अंगणभर गट्टू. माती दिसली की लोकांना ती घाण वाटते. दयाळ जमिनीवर खातो. किडे, अळ्या, गांडुळं, कधी पालीचं पिल्लूसुद्धा. ही सगळी माती आणि पाचोळ्यात असतात. आमच्या कूलरच्या टाकीतून जे पाणी गळायचं त्यानं भिंतीखाली दीड हात जागा ओली राहायची, आणि ऐन नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, भर दुपारी नर तिथे चोच उघडी टाकून, पंख अंगापासून जरा सोडवून उभा असायचा. मधूनच शेपटी वर, दोन उड्या, आणि ओल्या मातीतून गांडूळ ओढलेलं. पुढे दादानं तिथेही गट्टू बसवले. दोन वर्षांत ती जोडी त्या घरात दिसेनाशी झाली. रंग अजून चांगला आहे.

मी आता तिथून दोन गल्ल्या सोडून राहते. आंब्याच्या खोडाला एक मडकं आडवं बांधलंय, तोंड मूठभर ठेवून, पाणी निघून जायला खाली बारीक भोक पाडून. पहिली दोन वर्षं त्यात मुंगळ्यांशिवाय कोणी आलं नाही. २०१७ पासून दयाळ येतो. गाण्यात मध्येच शिंपी पक्ष्याची टिविट-टिविट अशी बेमालूम घालतो की मी अजून फसते. तुमच्याकडेही असं मडकं बांधता येईल, वडिलांच्या खोलीपासून लांबच्या बाजूला. पण ते पुढच्या वर्षासाठी. बसलेल्या मादीला "चल, तुझ्यासाठी नवीन घर केलंय" असं सांगता येत नाही, अंडी उचलून मडक्यात ठेवायचा प्रयत्नही करू नका.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी पक्षीशास्त्र शिकलेली नाही, जे लिहिलं ते एका भिंतीकडे आणि एका आंब्याकडे बघून आणि थोडंफार वाचून. आणि वडिलांची झोप मोडते हे मला समजत नाही असं मुळीच नाही, म्हाताऱ्या माणसाची पहाटेची झोप मोडली की दिवस जातो. तूर्त त्यांचा पलंग पुढच्या खोलीत घ्या. तसंही आता कूलर सुरू होईल, आणि कूलरच्या घरघरीत दयाळच काय, दारावरची बेलही ऐकू येत नाही. भिंतीत ओल जात असेल, साप-विंचवाची भीती असेल, तर भोक बुजवणं भागच आहे, तेही कबूल. फक्त ऑगस्ट उलटल्यावर, आणि आधी आत टॉर्च मारून. पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर शक्य असल्यास परत आत ठेवा. माणसाचा हात लागला की आई-बाप टाकून देतात, हे खोटं आहे. जखमी असेल तर सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे न्या.

मिस्त्री ठरवून टाकला असेल तर त्याला आजच फोन करा. आणि उद्या दुपारी अर्धा तास भिंतीपासून लांब बसून बघा, राखाडी पक्षी रिकाम्या चोचीनं आत जातो की काही घेऊन जातो. रिकाम्या चोचीनं जाऊन बराच वेळ आतच राहत असेल तर अंडी आहेत, पिल्लं उडून जायला महिना धरा. अळ्या घेऊन जात असेल तर पिल्लं आहेत, मग दोन आठवडेच.